चेकपोस्टच्या पलीकडे

माझ्या वाटेत आडवा आलेला तो माणूस मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा पाऊणच दिसला. उरलेल्या पावावर काळी सावली होती.

हे मी लाडात येऊन सांगत नाहीये. सावली खरोखरच होती… माझ्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूने आत सरकत आलेली. सकाळी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनकडे बघताना आधी ठिणग्या चमकल्या, मग काजळाचे कण तरंगायला लागले, आणि मग कोपऱ्यातून हा काळोख हलकेच शिरला. जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लँटमध्ये दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि सिस्टर मेई. त्यांनी शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवतानाचा त्यांचा चेहरा मला अजिबात आवडला नाही.

"एकता, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मधला भाग अजून चिकटलेला असेल तर आजच ऑपरेशन. सर्जन दोनपर्यंत वाट बघतील. त्याच्या आत पोहोचायचं. आतापासून पाण्याचा थेंबही नाही. आणि डोकं असं… उजव्या खांद्याकडे झुकवून ठेव. सरळ केलंस तर पडदा आणखी सुटेल."

"आणि मधला भाग सुटला तर?"

त्यांनी माझा चष्मा पुसून परत माझ्या हातात दिला. "त्याआधी पोहोच," एवढंच म्हणाल्या.

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. जाड भिंगातूनही त्याला माणूस दिसतो, पण कोण आहे ते कळत नाही. म्हणजे आजवर मी जे काही पाहिलं, शाळेचा फळा, इंजिनिअरिंगची पुस्तकं, आईच्या हातावरचं गोंदण, विमानातून दिसलेलं सिंगापूर, ते सगळं या एकट्या उजव्याच्या जिवावर. आणि आता तोच दगा द्यायला निघाला होता. मी भयंकर घाबरले होते. घाबरले की मला रडू येत नाही, राग येतो. तो राग काढायला कोणीतरी हवंच होतं, आणि दारात तो उभा होता.

बाहेर पाऊस वेड्यासारखा कोसळत होता. सिंगापूरला हिवाळा नसतो असं नागपुरात सगळ्यांना वाटतं. असतो! डिसेंबर संपता संपता उत्तरेकडून वारं सुटतं, समुद्रावरून दिवसच्या दिवस पाऊस येतो, पारा बावीसवर उतरतो आणि लोक कपाटातली जाकिटं काढून कुडकुडतात. नागपूरकर हसतील, हसू देत. यंदाचा हिवाळा तर पिसाळलाच होता. रस्त्यांवर पाणी चढतंय, गरज नसेल तर बाहेर पडू नका, असं सकाळपासून रेडिओ सांगत होता. आणि दारावरचा लाल दिवा लागला होता. लाल दिवा म्हणजे डोक्यावर विजा. तो विझेपर्यंत कोणीही उघड्यावर पाऊल टाकायचं नाही. सगळं काम ठप्प.

माझी बस समोर उभी होती. मधे फक्त एक उघडं अंगण. आणि हा सेफ्टी ऑफिसर, दारावर हात आडवा धरून.

"नो," तो म्हणाला.

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. डोळा, पडदा, दोन वाजता, सर्जन. मान उजवीकडे कलंडलेली, सावली किती सरकली ते बघायला डावा डोळा हाताने झाकलेला. अशा अवतारात भांडणं सोपं नसतं. तो शांतपणे ऐकत होता. मग पुन्हा म्हणाला, "नो. दिवा विझल्यावर."

"तुमचा डोळा असता तर?"

"तरीही नाही."

मी त्याच्या हाताखालून वाकून निघायला बघितलं. त्याने हात खाली आणला. आणि मग दुसरीकडे बघत, स्वतःशीच पुटपुटला, "ही बाई ऐकेल तर शपथ!"

मराठीत! चक्क मराठीत.

"बाई ऐकणारच नाहीये!" मी ओरडले.

त्याचा हात दारावरच राहिला, पण चेहरा, जेवढा दिसत होता तेवढा, एकदम लाल झाला. "सॉरी… मला वाटलं तुम्ही… म्हणजे…"

"म्हणजे काय? मराठी कळत नसलं तर काहीही बोलायचं का?"

"मागच्या कंपनीत एकजण 'फक्त बसपर्यंत' म्हणून निघाला होता," तो हळूच म्हणाला. "मीच जाऊ दिलं होतं. तो वाचला, पण अजून नीट चालत नाही. तुम्हाला एक अवयव वाचवायचाय. मला तुम्हाला अख्खं पोहोचवायचंय. दोन मिनिटं द्या."

असं कोणी बोललं की पुढे भांडता येत नाही. फार चिडचिड होते.

त्याने वॉकी-टॉकी उचलला. बस चालवणाऱ्या अंकलना सांगितलं की बस अंगणात उभी न ठेवता मागे गोदामात आणा. तिथे छप्पर आहे आणि गोदामाला आतूनच रस्ता आहे. पलीकडून सिंगापुरी इंग्रजीत आवाज आला, "कॅनॉट ला! तिकडे बस नेली की मॅनेजर ओरडतो."

"मला ओरडेल, अंकल. माझं नाव सांगा."

"नाव काय सांगू?"

"निशिकांत."

निशिकांत! या नावाची माणसं मी फक्त लग्नाच्या बैठकीत, नवऱ्या मुलाच्या थोरल्या काकांशेजारी बसलेली पाहिली होती. हा तर जेमतेम तिशीचा. इतक्या काळजीतही मला हसू फुटलं, आणि ते त्याने पाहिलं.

बस भोंगा वाजवत गोदामात शिरली. मी चढले. माझ्यामागे तोही चढला.

"तुम्ही कुठे?"

"साइटवरून हॉस्पिटलला जाणाऱ्या माणसाबरोबर सेफ्टीचा एक जण जातोच. नियम आहे," तो म्हणाला आणि माझ्या उजव्या बाजूला बसला.

बेटावर नियमांना तोटा नाही, तेव्हा हाही असेल. बस चालू झाली. एसी नेहमीसारखा बर्फ ओतत होता आणि काचेवरून पाण्याचे नुसते लोट वाहत होते. पुढचा रस्ता दिसत नव्हता. वीज कडाडली की माझ्या डोळ्यातल्या ठिणग्या कुठल्या आणि आकाशातल्या कुठल्या, तेच कळेना.

गेटवर बस थांबली. प्लँटमध्ये साधा मोबाइल नेता येत नाही, ठिणगीची भीती. म्हणून आमचे फोन गेटवरच्या कपाटात असतात. तो उतरला, भिजला आणि माझा फोन घेऊन आला. फोन हातात येतो न येतो तोच वाजला. बाबा.

"जयभीम, बाबा."

हा शब्द उच्चारला की माझे कान आपोआप शेजारच्याकडे लागतात. सवय आहे. पुण्यात कॉलेजला असताना लागली. त्या एका शब्दानंतर पुढच्या माणसाचा आवाज किती थंड होतो, ते मला बरोब्बर ऐकू येतं. बाबांना मी ऑपरेशनचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "एकटी आहेस का, बेटा?"

मी काही म्हणायच्या आत निशिकांतने फोनकडे वाकून सांगितलं, "काका, मी आहे बरोबर. कंपनीतला. जयभीम! काळजी करू नका, वेळेत पोहोचवतो."

आवाज जसाच्या तसा. ऊबदार, किंचित घाईचा. बाबांनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले आणि मी खिडकीकडे तोंड करायला गेले. मान उजवीकडे झुकवलेली असताना खिडकीकडे तोंड करता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. डॉक्टरांनी मान अशी ठेवायला सांगितलीय. गैरसमज नको."

"माझा कसला गैरसमज? मी तर सेफ्टीत आहे."

बेट आणि शहर यांच्यामधल्या चेकपोस्टवर बस पुन्हा थांबली. पास दाखवायला तो खाली उतरला. तिथे आमच्या कंपनीची पांढरी व्हॅन उभी होती. तिच्या ड्रायव्हरने काच खाली करून त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, बसकडे बोट दाखवलं, थोडा वेळ फोनवर बोलला, आणि व्हॅनला हाताने 'जा' अशी खूण केली. मग परत येऊन बसला. मी काही विचारलं नाही. माझं सगळं लक्ष त्या सावलीकडे होतं.

"एक करू," तो म्हणाला. त्याने छातीवरचा इंग्रजी नावाचा बॅज नीट केला. "डावा डोळा झाका. नाव वाचा."

"निशिकांत," मी वाचलं. "'एन'च्या आधीची जागा काळी आहे. नाव पूर्ण दिसतंय."

"उत्तम. दर थोड्या वेळाने वाचायचं."

"हाही नियम?"

"हा अगदी कडक नियम."

आणि मग ट्रॅफिक अडला. शहराच्या वाटेवर पुढे एका सखल जागी पाणी चढलं होतं. गाड्यांचे लाल दिवे दूरपर्यंत दिसत होते. अंकल स्टिअरिंगवर बोटं वाजवत "आयो… आयो…" करत होते. एक वाजून गेला. बस जागची हलेना. माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि त्यात कुठूनतरी थालीपिठाचा खमंग वास आला! त्याच्या बॅगेतून.

"खाऊन घ्या तुम्ही," मी म्हटलं. "मला काही वाटणार नाही."

"पेशंट उपाशी असेल तर बरोबरच्या माणसानेही खायचं नसतं. नियम आहे."

"तुमच्या त्या नियमांचं पुस्तक एकदा बघायलाच हवं."

"डोळा बरा झाला की देतो वाचायला."

मी हसले आणि पुन्हा बॅजकडे पाहिलं. हसू तिथेच थांबलं. पहिली दोन अक्षरं नव्हती.

"दोन गेली," मी म्हटलं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं, बाहेर पाहिलं आणि उठला. "अंकल, दार उघडा. इथून एमआरटी स्टेशन जवळ आहे, छपराखालून जाता येईल. ट्रेन पाण्यात अडकत नाही."

सिंगापूरचं हे एक बरं आहे. बस स्टॉपपासून स्टेशनपर्यंत डोक्यावर छप्पर असतं. पण पाऊस आडवा येत होता. मी कलंडलेल्या मानेने, एक हात डाव्या डोळ्यावर आणि दुसरा त्याच्या कोपरावर ठेवून चालत होते. पाण्याने चष्मा आंधळा झाला. एका ठिकाणी छप्पर संपलं. पलीकडे स्टेशनचा जिना, मधे रस्ता, उघडा. तो थबकला.

"आता कोणाला विचारणार?" मी म्हटलं. "इथे लाल दिवा नाहीये."

"आकाशाला." वीज चमकली. गडगडाट येईपर्यंत तो आकडे मोजत राहिला. गडगडाट बराच उशिरा आला, लांबून. "दूर गेलीय. चला. पळायचं नाही, डोकं हलवायचं नाही, नुसतं माझ्याबरोबर चालायचं."

त्याने छत्री पूर्ण माझ्यावर धरली. स्वतः नखशिखान्त भिजला. त्या एवढ्याशा रस्त्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बरोबर नसता तर मी त्या अंगणातून पळाले असते आणि काहीही झालं असतं. त्याला मी हे सांगितलं नाही. इतकं ऋण एका दिवसात कबूल करायचं नसतं.

ट्रेनमध्ये जागा मिळाली. मान झुकवून झुकवून खांद्याला कळ लागली होती. त्याने ते पाहिलं असावं.

"डोकं टेकवा," तो समोर बघत म्हणाला.

"कुठे?"

"पेशंटला मान धरवत नसेल तर बरोबरच्या माणसाच्या खांद्यावर टेकवायची. तसा…"

"…नियम आहे."

"आहे."

मी टेकवलं. शर्ट ओला होता, पण आतला खांदा गरम. समोर बसलेल्या चिनी आजी आमच्याकडे बघून गोड हसल्या. मला सांगावंसं वाटलं, आजी, हे वैद्यकीय आहे. पण आजींनी डोळे मिटून घेतले होते. ट्रेन उंच पुलावरच्या रुळांवरून पावसातून हळूहळू चालली होती. क्वीन्सटाउन आलं. माझं घर इथेच, स्टेशनच्या मागे. दारं उघडली, थंडगार वारा आत आला, दारं मिटली.

"जानेवारीत नागपूरला जायचंय मला," मी उगाचच म्हटलं. "आईने एक मुलगा बघून ठेवलाय. भेटायचंय."

खांदा जरा ताठ झाला. अगदी जरासाच, पण माझं डोकं त्यावरच होतं ना… कळलं.

"छान," तो म्हणाला. "काय करतो?"

"फोटोत तरी हसतो."

आणि त्याच क्षणी सगळं काळं झालं.

खिडक्या, आकाश, इमारती, सगळं एकदम गेलं. गेला. डोळा गेला. मी त्याचा हात इतका घट्ट धरला की माझी नखं त्याच्या तळव्यात रुतली.

"बोगदा आहे," त्याचा आवाज अगदी कानाशी आला. "एकता, नुसता बोगदा आहे. ट्रेन जमिनीखाली गेली. आतले दिवे बघा… दिसतात ना?"

दिसत होते. आजी दिसत होत्या. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"नाव वाचा," तो म्हणाला.

"निशिकांत."

"नीट वाचा."

"वाचलं ना! निशिकांत. पूर्ण दिसतंय."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बॅज मी मघाशी खिशात ठेवलाय. भिजत होता."

तेव्हा मात्र मी रडले. इतका वेळ रागाने अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. "मला नाही बघायचं. बघितलं आणि नसलं तर? न बघता निदान माहीत तरी नसतं…"

"कळतंय मला." त्याने बॅज काढून माझ्या तळहातावर ठेवला. "भीती वाटली तरी बघायचं. हा मात्र खराच नियम. एकेक अक्षर. सरळ त्याच्याकडे बघा."

मी डावा डोळा झाकला. उजवा उघडला. अर्धं नाव नव्हतं. सावली अक्षरांच्या अगदी कडेला येऊन उभी होती. मी शेवटच्या 'टी'कडे बघितलं. होता. मग त्याच्या आधीच्या 'एन'कडे. तोही होता, काळा, ठसठशीत.

"ज्याच्याकडे बघते ते दिसतंय," मी म्हटलं. "बाजूचं जातंय."

"म्हणजे मधला भाग आहे अजून. आपण पोहोचतोय."

'आपण' म्हणाला तो. त्यालाही ते ऐकू आलं बहुतेक, कारण तो लगेच स्टेशनचा नकाशा बघायला लागला.

दोनला थोडा अवकाश असताना आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. तिथे सगळं भराभर झालं. थेंब, दिवे, डोळ्यात डोकावणारी तरुण सर्जन. "मधला भाग चिकटलेला आहे, पण अगदी काठावर," त्या म्हणाल्या. "लगेच आत घेऊ." व्हीलचेअर आली. ऑपरेशन थिएटरच्या काचेच्या दारावर पाटी होती, इथून पुढे फक्त पेशंट.

"संपली तुमची ड्यूटी," मी म्हटलं. थेंबांमुळे आता त्याचा चेहरा नुसता धुरकट गोळा झाला होता. "थँक्यू. खरंच."

"हो… संपली," तो म्हणाला. पण हात त्याने सोडला नाही. नर्सला तो सोडवावा लागला.

ऑपरेशन झालं. डोळा बधिर केलेला, मी जागी; कात्रीचे आवाज, पाण्याचे आवाज, आणि वर दिव्याचं तळं. डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडला. तो वर चढतो आणि सुटलेल्या पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून मान खाली घालून राहायचं. दिवसरात्र. झोपतानाही पालथंच. डोळा कितपत वाचला ते थोडे दिवस गेल्यावरच कळणार, असं त्या म्हणाल्या. आणि बुडबुडा विरेपर्यंत विमान बंद, नाहीतर आकाशात तो फुगतो.

मला खाली मान घातलेल्या अवस्थेत व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. उजव्यावर पट्टी. उरलेल्या आळशी डाव्या डोळ्याला फक्त फरशी दिसत होती. चालती फरशी, कोणाच्या चपला, कोणाची चाकं… आणि मग, अचानक, चिखलाने माखलेले, जाडजूड, स्टीलच्या टोकाचे दोन सेफ्टी शूज. त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं.

"घरी नाही गेलात?" मी बुटांना विचारलं.

"पाऊस होता," बूट म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याने मला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर सोडलं. दोन दिवसांनी आई, नंदाबाई, नागपूरहून येऊन थडकली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि माझ्या शेजारच्या मल्याळी मैत्रिणीला हिंदीतून भाजी निवडायला बसवलं. मी टेबलाच्या कडेला उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवून बसायचे. पट्टी निघाली होती, पण डावा झाकून उजव्याने बघायचं म्हटलं की हात आपोआप थांबायचा. डोळ्यात पाणी भरल्यासारखं नुसतं डुचमळायचं. वाचला की नाही… कोण बघणार! मी डोळे मिटून घ्यायचे.

निशिकांत रोज शिफ्ट संपली की यायचा. "फॉलो-अप. नियम आहे," असं त्याने पहिल्याच दिवशी आईला सांगितलं. बूट बाहेर काढून तो आत आला की मला फक्त त्याचे मोजे दिसत. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. चौथ्या दिवशी ते शिवलेलं दिसलं, तेही वाकड्यातिकड्या टाक्यांनी. म्हणजे माझं लक्ष मोज्याकडे असतं, हे त्याला कळलं होतं.

"रोज येतो गं हा पोरगा," आई म्हणाली. "कंपनी लईच चांगली दिसते तुझी."

मग एका दुपारी सिस्टर मेईचा फोन आला. डोळा कसा आहे, जेवतेस का, सगळं विचारून झालं. मी सहज म्हटलं, "निशिकांतला माझ्यापायी रोज ड्यूटी पडतेय. हा फॉलो-अपचा नियम फार जाचक आहे, सिस्टर."

"कुठला नियम?"

"हाच. आणि त्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत बरोबर यायचा."

पलीकडे सिस्टर जोरात हसल्या. "नियम चेकपोस्टपर्यंतचा आहे ला! तिथे व्हॅन उभी असते, आमचा माणूस परत येतो. त्या दिवशी व्हॅन रिकामी आली. निशीने फोनवरून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दिवा लाल असताना रजा! त्याने! अख्खा प्लँट त्यावरच बोलतोय."

मी फोन ठेवला. कपाळ उशीवर होतं, त्यामुळे माझा चेहरा कोणाला दिसला नाही, हे बरं झालं.

संध्याकाळी शिवलेला मोजा दारातून आत आला. आई चहाचं आधण ठेवायला गेली.

"पेशंटसमोर जेवायचं नाही, हा कुठला नियम?" मी उशीत तोंड घालून विचारलं.

मोजे जागीच थांबले.

"आणि खांद्यावर डोकं टेकवायचा?"

"…सिस्टर मेई?"

"सिस्टर मेई."

तो माझ्यापाशी आला. मग खाली बसला. फरशीवर, माझ्या खुर्चीशेजारी. "खोटं बोललो. आयुष्यात नियमांच्या बाबतीत पहिल्यांदाच. दारात तुम्ही भांडत होतात ना… मान वाकडी, एक डोळा झाकलेला, दुसऱ्यातून पाणी गळतंय आणि आवाज मात्र चढलेला. मला वाटलं, या बाईचा डोळा वाचलाच पाहिजे. चेकपोस्टवर व्हॅन दिसली. आणि तुमच्याबरोबर कोणी नाही, हे मनात आल्यावर मला परत जाववेना."

"तेवढ्यासाठीच?"

"तेव्हा तेवढ्यासाठीच," तो म्हणाला. "मग ट्रेनमध्ये तुम्ही नागपूरच्या त्या हसणाऱ्या मुलाचं सांगितलंत. तेव्हा कळलं की नुसतं तेवढंच नाही. मला तुम्ही आवडता, एकता. सांगायचं नव्हतं. पेशंटला ताण द्यायचा नसतो… हाही मीच केलेला नियम."

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की उशी हलत असेल. "त्या मुलाला आईने कळवलंय," मी म्हटलं. "बुडबुडा आहे तोवर विमान नाही. आणि बुडबुडा गेला तरी मी जाणार नाही, हे मी कळवलंय. परवाच."

"परवा? म्हणजे सिस्टरच्या फोनच्या आधी?"

"मोजा शिवल्याच्या दिवशी."

स्वयंपाकघरात कपबश्या जरा जास्तच वाजल्या.

"ऐक," मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंही नाही. "मी तुला अजून धड पाहिलेलंच नाही. पहिल्यांदा पाऊण दिसलास. मग अर्धा. मग धुरकट. आणि मग नुसते पाय. मला बघायचंय."

"उजव्याने?" त्याचा आवाज एकदम हळू झाला.

"भीती वाटतेय. पण तूच म्हणालास ना, तो नियम खरा आहे."

तो फरशीवर उताणा झाला आणि सरकत सरकत माझ्या चेहऱ्याखाली आला. मी उशी बाजूला केली, टेबलाची कड धरली, डावा डोळा तळहाताने झाकला. आणि मग, फार सावकाश, उजवा उघडला.

पाणी डुचमळत होतं. त्याच्या तळाशी एक धूसर आकार.

"नाही दिसत," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, बुडबुड्यातून फक्त अगदी जवळचं दिसतं."

त्याने कोपरांवर भार देऊन डोकं वर उचललं. "आता?"

"अजून जवळ."

"आता?"

"अजून…"

आणि मग दिसला. कपाळावर आलेले केस दिसले, डाव्या भुवईतला जुना व्रण दिसला, ओठांशी अडवून धरलेलं हसू दिसलं, आणि माझ्यासाठी घाबरलेले दोन डोळे दिसले. मी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बघितलं. नाकाच्या बाजूला बघितलं, पुन्हा बघितलं. सावली कुठेच नव्हती.

"दिसतो?" त्याने श्वास धरून विचारलं.

"दिसतो," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यातलं पाणी टपकन त्याच्या गालावर पडलं. "पूर्ण दिसतोस."

त्याने ते पुसलं नाही. आम्ही तसेच राहिलो. मी वाकलेली, तो मान उचलून, मधे वीतभरही अंतर नाही. त्याची मान थरथरायला लागली तेव्हा तो म्हणाला, "उठू का? काकू चहा घेऊन येतायत…"

"नाही," मी म्हटलं. "बुडबुडा विरेपर्यंत रोज इतक्याच जवळून तपासायचं. नियम आहे."

"असा कुठला नियम?"

"चेकपोस्टच्या पलीकडचा."